ठकुबाईचं गंगावन

मी गंगावन बोलतोय. व्याकरणाप्रमाणे 'बोलतंय' म्हणायला हवं, असं सांगायला एखादा मास्तर येईल. आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मास्तरांचं ऐकणाऱ्यांतला मी नाही.

गंगावन म्हणजे केसांची पुरवणी. बाईचा अंबाडा बारीक दिसायला लागला की आत घालून तो फुगवायचा, वेणी आखूड पडली की खाली जोडायची. नाटकात पुरुषाला बाई व्हायचं असलं तरी आम्हीच लागतो. लोक आम्हाला खोटे केस म्हणतात. केस खरेच असतात हो, फक्त डोकं बदललेलं असतं.

आणि हे केस येतात कुठून? विंचरताना गळलेले असतात ते. सरकारी भाषेत शाळा सोडलेल्या पोरांना 'गळती' म्हणतात, आणि फणीत आलेल्या केसांनाही गळतीच म्हणतात. म्हणजे आमची बिरादरी एक. गळलं ते वाया गेलं, हे म्हातारी माणसं दोघांबद्दलही छातीवर हात मारून सांगतात. का गळलं, हे कोणी विचारत नाही.

माझा जन्म द्रौपदीच्या फणीतला. भिवंडीत कामतघरच्या बाजूला लूमच्या गाळ्यांमागे बौद्ध वस्ती आहे, तिथल्या पत्र्याच्या घरात ती राहायची. नवरा दामू लूमवर, मुलगी बकुळा शाळेत. द्रौपदी घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात घालायच्या कांडीवर चाकाने सूत गुंडाळायची. सकाळी उंबऱ्यात बसून केस विंचरायची, फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

गल्लीत गुंतवळ घेणारी बाई यायची. मूठभर गुंतवळ दिलं की सुया, मणी, एखादी वाटी द्यायची. शेजारणी देऊन टाकायच्या. द्रौपदी देत नसे. बकुळाच्या लग्नापर्यंत डोक्यावर काही उरणार नाही, तेव्हा आपलंच गंगावन आपल्या अंबाड्यात असावं, असा तिचा हिशेब होता. हे तिने कोणाला सांगितलं नाही. ती फार सांगणारी बाईच नव्हती. नळावर भांडणं व्हायची, हंडे आपटायचे, एकमेकींच्या सात पिढ्या निघायच्या, आणि ही आपली कळशी भरून गप घरी. हे लक्षात ठेवा. पुढे सगळ्या वस्तीनं हे विसरून दाखवलं.

दामू बारा तास लूमवर उभा असायचा. गाळ्यातला मुकादम पंढरी. दामूच्या लूमवर तार तुटली, लूम थांबला, की पंढरी मागे हजर. दामू पाणी प्यायला गेला तरी मागे, संडासला गेला तरी बाहेर उभा. हिंदीत ओरडायचा, म्हणजे युपीवाल्यांनाही कळावं. "दामू, तेरा लूम सोता क्यूं है रे?" दामू काय बोलायचा? काही नाही. मान खाली घालून तार जोडायचा.

पण घरी आला की मोरीत पाय धुताना त्याला तोंड फुटायचं. समोर भिंत. त्या भिंतीला तो सांगायचा, "मुकादम, उभा राहून राहून माझ्या पोटऱ्यांच्या गाठी झाल्या, आनि तुमी स्टुलावरनं बोट दाखवता? पानी प्यायला गेलो तरी मागनं येता. एक तार तुटली का माझी चूक, आनि दिवसभर नीट चाललं का तुमची देखरेख?" असं बरंच. बोलताना तो कमरेवर हात ठेवायचा, मान वेळावायचा, भिंतीकडे बोट नाचवायचा. द्रौपदी कांडी भरता भरता हसायची. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कधी आदल्या दिवशीचं एखादं वाक्य तो विसरला तर तीच आठवण करून द्यायची. डब्यात पडून मी हे रोज ऐकलं. घरात ते दोघं सुखी होते तर त्या पाय धुण्याच्या वेळेतच, असं माझं मत आहे.

पंच्याऐंशी सालची आंबेडकर जयंती आली. वस्तीत मंडळ होतं आणि मंडळाचा अध्यक्ष होता कोंडू, दामूचा थोरला भाऊ. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक करायचं ठरलं. दामूनं स्वतःच एक लिहिलं. नाव 'ठकुबाईची ड्युटी'. एक नवरा, दिवसभर खाटेवर पडून हुकूम सोडणारा, आणि त्याला झोडपून काढणारी त्याची बायको ठकुबाई. ठकुबाईचं काम कोण करणार यावर चर्चा झाली. कोणीतरी वस्तीतल्या एका मुलीचं नाव सुचवलं. कोंडू म्हणाला, आपल्या बायका काय स्टेजवर नाचवायच्या का. याच कोंडूनं त्याच स्टेजवरून, त्याच जयंतीला, स्त्रियांच्या बरोबरीच्या हक्कावर अर्धा तास भाषण ठोकलं. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं म्हणतात. स्वतःचं तर मुळीच येत नाही.

मग दामूच ठकुबाई झाला. पहिल्या तालमीला त्यानं लूमवरचं काळं सूत डोक्याला बांधलं, ते खाली पडलं. द्रौपदीनं पावडरचा डबा त्याच्यापुढे ठेवला. काही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही की हे तू कशासाठी जमवलं होतंस.

वज्रेश्वरीच्या बाजारात आक्का नावाची म्हातारी गंगावनं वळायची. दामू एसटीनं तिच्याकडे गेला. तिनं डबा उघडून केस हातात घेतले, ओढून पाहिले आणि विचारलं, बायको टकली झाली का रे बाबा, का तू केलीस. मग आम्हाला धुतलं, उकळलं, मुळं एका बाजूला केली, दोऱ्यानं घट्ट आवळलं. असा मी तयार झालो. लांब, काळा, चमकदार. उगाच नम्रता दाखवत नाही, देखणा होतो.

पहिल्याच प्रयोगाला दामूनं वस्ती लोळवली. मी त्याच्या डोक्यावर होतो, मला त्याच्या टाळूचा घाम लागत होता. मोरीतलं सगळं त्यानं उचललं होतं. कमरेवरचे हात, नाचतं बोट, सगळं. फक्त तीन शब्द बदलले होते. 'मुकादम' काढून 'धनी' घातलं होतं, 'स्टूल' काढून 'खाट', आणि 'तार' काढून 'भांडं'. "धनी, उभी राहून राहून माझ्या पोटऱ्यांच्या गाठी झाल्या, आनि तुमी खाटेवरनं बोट दाखवता? एक भांडं फुटलं का माझी चूक?" खाटेवर नवरा म्हणून महादू पडलेला. तो कापडाच्या गाठी उचलणारा, आडदांड माणूस. ठकुबाई बोट दाखवी तसा खाटेखाली जाऊ लागला आणि लोक शिट्ट्या मारायला लागले.

बायकांच्या बाजूला द्रौपदी बसली होती. ती सगळ्यांत जास्त हसत होती. आणि इथंच घोटाळा झाला. ती इतरांच्या आधी हसत होती. वाक्य दामूच्या तोंडातून निघायच्या आत तिला माहीत असायचं, म्हणून ती आधीच फुटायची. शेजारच्या बायकांनी ते पाहिलं. एकीनं दुसरीला कोपर मारलं. हिला सगळं पाठ कसं? म्हणजे हे हिचंच बोलणं. दामूनं बायकोलाच स्टेजवर आणलीय.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नळावर तिला 'काय ठकुबाई' सुरू झालं. रोज कळशी भरून गप जाणारी बाई सगळ्यांना माहीत होती. पण नाटकात पाहिलेली बाई जास्त खरी ठरली. उलट तिच्या गप्पपणाचाच अर्थ लागला. बाहेर गप, म्हणजे घरात तोफ असणार. माणसं अशी हुशार असतात.

एवढ्यावर थांबलं असतं. दामूनं एक वाक्य बोलायचं होतं, की अरे, ती माझी बायको नाही. प्रयोगानंतरच्या सोमवारी गाळ्याबाहेर चहाच्या टपरीवर पंढरी मुकादमानं त्याला स्वतःच विचारलं. तो खुशीत होता, मंडळाला वर्गणी दिली होती, पुढच्या खुर्चीवर बसून नाटक पाहिलं होतं. म्हणाला, "दामू, ये ठकुबाई कौन रे? कुठून उचललीस?" मी अजून नाटकाच्या पिशवीतच होतो, दामूच्या खांद्याला. त्याचा खांदा आवळलेला मला कळला.

दामू म्हणाला, "घरचीच हाय, मुकादम."

पंढरी मोठ्यानं हसला. त्याच्या पाठीवर थाप मारली. दामू पण हसला. मला त्या दिवशी कळलं की भेकड माणूस किती सहज हसू शकतो. कलाकार म्हणायचे लोक त्याला. मोठा कलाकार. आपला राग लपवायला त्यानं बायकोची साडीच नाही, बायकोचं नावही वापरलं. आणि केस माझे, म्हणजे तिचेच. तिच्याच केसांखाली उभं राहून तो तिला विकत होता.

पुढची चार-पाच वर्षं हेच चाललं. ठकुबाई गाजली. पडघ्याला प्रयोग झाला, मानकोलीला झाला, कल्याणच्या एका स्पर्धेत ढाल मिळाली. दामू दर वर्षी दोन वाक्यं वाढवायचा, जशी पंढरीची बोलणी वाढायची तशी. आणि द्रौपदीनं नाटकाला जाणं बंद केलं. मोरीत पाय धुताना दामू बोलायचा, ती ऐकायची, पण आता हसायची नाही. हे दामूच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. नटांना समोरचं हसू ऐकू येतं, घरातलं थांबलेलं हसू ऐकू येत नाही.

रेशनच्या दुकानात तिला ठकुबाई म्हणायचे. दवाखान्यात नर्सनं एकदा त्याच नावानं पुकारलं. बकुळा शाळेत ठकुबाईची पोर झाली. द्रौपदी कधी उलटून बोलली नाही. उलटून बोलली असती तर, 'बघा, बघा, निघाली ठकुबाई,' असंच म्हटलं असतं की नाही? बाईला कसं कोपऱ्यात घालायचं हे वस्तीला बरोबर कळतं. कोणी शिकवावं लागत नाही.

एकोणनव्वद साली बकुळाचं लग्न ठरलं. मुलगा पडघ्याचा, नोकरीवाला, शांत. लग्न मे महिन्यात मुलाच्या दारी. पत्रिका छापायचं काम थोरला भाऊ म्हणून कोंडूनं अंगावर घेतलं.

आता एक रीत सांगतो. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. कोंडूनं कधीच घेतलं नव्हतं. तो 'बकुळाची आय' म्हणायचा, किंवा 'दामूचं घर'. ती पण त्याच्याशी सरळ बोलायची नाही, बकुळाला मध्ये घालून बोलायची. बाजारातल्या छापखानेवाल्यानं विचारलं, मुलीच्या आईचं नाव काय. कोंडूच्या डोक्यात नावच नव्हतं. आठवायला गेला तर जिभेवर आलं ते एकच, जे सगळी भिवंडी म्हणत होती. त्यानं सांगितलं, छापखानेवाल्यानं छापलं, आणि कोंडूनं न वाचता गठ्ठे बांधून निम्म्या पत्रिका वाटूनही टाकल्या.

पत्रिका घरी आली तेव्हा द्रौपदी कांड्या भरत होती. बकुळानं मोठ्यानं वाचली. वर भगवान बुद्ध, बाबासाहेब, मग वराचं नाव, वधूचं नाव, आणि खाली: 'सौ. ठकुबाई व श्री. दामू यांची कन्या'. बकुळा वाचता वाचता थांबली. चाक थांबलं. बाहेर गाळ्यांची खडखड चालूच होती, ती कोणासाठी थांबत नाही.

कोंडूला बोलावलं. त्यानं पत्रिका लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. चूक झाली म्हणायला त्याची जीभ वळेना. म्हणाला, पत्रिका कोण वाचतो, लोक तारीख बघतात आणि जेवायला येतात.

द्रौपदीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मुलीकडे बघून म्हणाली, "बकुळे, काकांना सांग, जिचं नाव छापलंय तिलाच मांडवात उभी करा. मी पडघ्याला येनार न्हाय."

कोंडूला वाटलं, बायकांचा रुसवा, दोन दिवसांत जाईल. दामूलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, प्रत्येक पत्रिकेवर नावाची चिठ्ठी चिकटवू. तिनं कांडीचं चाक फिरवायला घेतलं. दोन दिवस गेले, चार गेले. जयंती दारात आली. मुलीच्या साड्या, भांडी, सगळं ती नीट लावत होती, पण स्वतःची साडी काढेना. वस्तीत कुजबूज सुरू झाली की आईच लग्नाला जाणार नाही. असं लग्न पाहिलंय का कुणी? पडघ्याहून निरोप आला, मुलीच्या आईला काही अडचण आहे का. बकुळा काकांना सरळ म्हणाली की आई नसेल तर मीही नाही, ठकुबाईची पोर म्हणून मला सासरी जायचं नाही. कोंडू म्हणाला, शिकवल्याचा हा परिणाम. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं हेच कारण असायचं.

नाटकाच्या दिवशी सकाळी दामू माझ्यावर तेल घालायला बसला. द्रौपदी त्याच्यासमोर येऊन बसली. म्हणाला, तुला काय पाहिजे ते तरी सांग.

"माझं नाव पाहिजे."

"आता मी घरोघर सांगू का, की तू ठकुबाई न्हाय?"

"घरात नका सांगू. जिथं घालवलंत तिथनंच आना."

तेलाची वाटी त्याच्या हातात तशीच राहिली. त्याला बरोबर कळलं होतं ती काय मागते आहे. पंढरी मुकादम पहिल्या रांगेत बसणार होता. लग्न तोंडावर. लूम गेला तर? म्हणाला, "पोरीच्या लग्नात बिनकामाचा बाप उभा करू?"

ती म्हणाली, "मग बिनआयचं लगीन करा." आणि उठून कांड्या भरायला गेली.

मी त्याचा पक्ष घेणार नाही, पण तो घाबरला होता हे खोटं नाही. दुपारभर तो वाक्यं पुटपुटत होता आणि पुन्हा पुन्हा चुकत होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी स्टेज लागलं. महादू खाटेवर पडला. मी दामूच्या डोक्यावर चढलो. तो बाहेर आला तेव्हा टाळ्या, शिट्ट्या. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर पाहुणे, मधोमध पंढरी, पान खाऊन. आणि बायकांच्या बाजूला, अगदी पुढे ताडपत्रीवर, द्रौपदी. शेजारी बकुळा. तिला बघून बायका एकमेकींना खुणावू लागल्या. आली बघा ठकुबाई, स्वतःला बघायला.

दामूनं तिला पाहिलं. मला त्याच्या टाळूवर घाम फुटलेला कळला. त्यानं एक चलाखी केली. नाटक सुरू व्हायच्या आधीच तो बायकी आवाजात म्हणाला, "ही ठकुबाई कोनाची बायको न्हाय बरं का." लोक खदखदून हसले. त्यांना तो विनोद वाटला. कोणी मागून ओरडलं, घरी जाऊन सांग. पंढरी सगळ्यांत जास्त हसला. संपलं. ज्या माणसानं पाच वर्षं बायकी आवाजात खोटं विकलं, त्याचं खरं त्याच आवाजात कोण घेणार?

दामूनं मान खाली घातली आणि नेहमीचं सुरू केलं. "धनी, उभी राहून राहून माझ्या पोटऱ्यांच्या गाठी झाल्या…" महादू खाटेवर आळोखेपिळोखे देऊ लागला. "पानी प्यायला गेले तरी मागनं येता. एक भांडं फुटलं का माझी चूक…"

"भांडं न्हाय," खालून आवाज आला. "तार."

कोण बोललं ते आधी कोणाला कळलं नाही. तिचा आवाज मोठ्यानं कोणी ऐकलेलाच नव्हता. द्रौपदी ताडपत्रीवर उभी राहिली होती. पदर डोक्यावर, हात खाली. ओरडली नाही. मोरीबाहेर बसून त्याला विसरलेलं वाक्य सांगायची, अगदी तशी बोलली.

"एक तार तुटली का, असं हाय ते. आनि धनी न्हाय. तुमी घरात मुकादम म्हनता."

ते सगळे लूमवरचे लोक. 'तार' म्हटल्यावर आणखी सांगावं लागत नाही. मागून कुठूनतरी एक जण फुटला, मग दुसरा, आणि हसू पुढे पुढे येत खुर्च्यांपर्यंत पोचलं. पाच वर्षं पाठ झालेलं नाटक प्रत्येक जण डोक्यात परत वाचत होता. कोण उभं? कोण स्टुलावर? कोण मागून येतं? विंगेत कोंडू दबक्या आवाजात 'पडदा पाडा, पडदा पाडा' करत होता. पडद्याच्या दोरीवरचा माणूस स्वतःच हसत खाली बसला होता, तो कशाला पाडतो.

दामूनं हात वर केला आणि मला डोक्यावरून काढलं. प्रयोग चालू असताना नट असं करत नाही. मी त्याच्या मुठीत लोंबत होतो. अंगात साडी, तोंडाला पावडर, आणि वर त्याचं स्वतःचं अर्धं पिकलेलं डोकं. 

तो आपल्या आवाजात बोलला. पुरुषाचा, चिरका, घाबरलेला आवाज. खुर्च्यांकडे बघून बोलला.

"मुकादम, उभा राहून राहून माझ्या पोटऱ्यांच्या गाठी झाल्या. एक तार तुटली का माझी चूक, आनि दिवसभर नीट चाललं का तुमची देखरेख. हे मला बोलायचं होतं. ठकुबाई मीच हाय. माझ्या बायकोचं नाव द्रौपदी. तिनं घरात कदी आवाज चढवला न्हाय. मी चढवतो, तो पन हितं येऊन."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे पंढरीकडे बघत होते. पंढरीनं पान थुंकलं. लोकांकडे पाहिलं, दामूकडे पाहिलं. मग शेजारच्या पाहुण्याला सांगितल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाच साल झाले, शिव्या पण मलाच होत्या, टाळ्या पण मीच वाजवल्या, आणि वर्गणी पण माझीच."

मग जे हसू सुटलं ते पाच वर्षांत एकाही प्रयोगाला सुटलं नव्हतं. पंढरीही हसला, नाइलाजानं. बायकांच्या बाजूला कोणीतरी द्रौपदीचा हात धरून तिला खाली बसवलं. ती बसली. आणि हसली. आधी नाही, यावेळी सगळ्यांच्या बरोबर.

दामूला कामावरून काढलं नाही. पंढरीचा मोठेपणा वगैरे काही नाही हो. लग्नसराईत निम्मी माणसं गावाला गेली होती, लूमवर हात कमी होते. सोमवारी तो एवढंच म्हणाला, "ठकुबाई, लूम चालू कर." दामू 'जी' म्हणाला. त्या दिवसापासून गाळ्यात, नाक्यावर, सगळीकडे दामूच ठकुबाई झाला. त्याला ते नाव बरोबर बसलं.

आणि कोंडू. त्याचं ऐका. पत्रिका परत छापायला पैसे नव्हते. तेव्हा द्रौपदीनं बकुळाकरवी निरोप दिला की ज्या ज्या घरी पत्रिका गेली, त्या त्या घरी काकांनी स्वतः जाऊन तोंडानं आमंत्रण द्यावं, आणि मुलीच्या आईचं नाव घेऊन द्यावं. कोंडू उंबऱ्यात उभा राहून टोपी काढून डोकं खाजवत होता. जेठानं नाव घ्यायचं कसं? बकुळा म्हणाली, आधी इथं म्हणून दाखवा, म्हणजे बाहेर चुकणार नाही. म्हातारा घसा खाकरत म्हणाला, "द्रौ… द्रौपदीबाई." आत द्रौपदी पदराआड होती. म्हणाली, "बकुळे, काकांना सांग, बाई नको. नुसतं द्रौपदी. सौभाग्यवती लावायचं तर लावा." भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला मी हे पाहत होतो. एवढा आनंद मला ढाल मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी द्रौपदीनं मला खाली काढलं आणि अंबाड्यात घालून पाहिलं. आरशात बघितलं. तिचे केस आता निम्मे पांढरे, मी तसाच काळाभोर, रंगपेटीतल्या तेलानं चिकट. माझंच डोकं ते, पण जुळेना. तिनं मला हसून परत टांगलं आणि आपला छोटासा अंबाडा घालून पडघ्याला गेली. मी लग्न पाहिलं नाही. बकुळानं मागाहून सांगितलं, माइकवरून आईचं नाव पुकारलं तेव्हा आई स्टेजवर नीट चालत आली, घाई केली नाही.

पुढे दामूनं ठकुबाई आणखी काही वर्षं केली. आता वाक्यात 'तार' होती आणि 'मुकादम' होता. दुसऱ्या गाळ्यांचे मुकादम वर्गणी द्यायचे बंद झाले. हसू पहिल्यापेक्षा कमी झालं, तरी लूमवाले उभं राहून बघायचे. मग मंदी आली, गाळा बंद पडला. आज शहाण्णव साल आहे. दामू मानकोलीला एका गोडाऊनवर वॉचमन आहे. त्याला खुर्ची आहे, दिवसभर बसायचं असतं, मागे कोणी येत नाही. कोंडू विचारतो, नवीन नाटक का लिहीत नाहीस. दामू म्हणतो, काय लिहू, कोणाचा रागच येत नाही. संध्याकाळी घरी येऊन मोरीत पाय धुतो, गप असतो. कधी द्रौपदीच म्हणते, बोला की कायतरी मुकादमाला. मग दोघं हसतात.

मी खिळ्यावर आहे. माझे दोन-चार केस अजून गळतात, पण कोणी ओढत नाही, तेल चिकटवत नाही, कोणाला विकायला मला डोक्यावर घेत नाही. खरं सांगतो, बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात मंडळाचे नवे कार्यकर्ते आले होते. विनोदी नाटक करतायत. त्यात एक भांडखोर बायको आहे, तिच्यासाठी गंगावन पाहिजे. द्रौपदीनं विचारलं, कोणाची बायको. ते म्हणाले, कोणाची नाही मावशी, अशीच. लोकांना हसवायला.

"अशीच कोनी नसते," ती म्हणाली. "राग कोनाचा हाय ते ठरवून या. मग न्या."

ते गेले. अजून आलेले नाहीत. तुम्हालाही मी कधी लागलोच, तर खुशाल या. घर कामतघरला, कोणालाही विचारा, द्रौपदीचं घर कुठलं.